सामाईक रानातील झाड आणि त्याचे हक्कदार : सोलापूर परिसराच्या इतिहासातील एक प्रश्न

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जे घडले त्याची हकीकत महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतरचे काही दिवस शहराचा कारभार जणू नागरिकांच्याच हाती होता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला व तो ३० जूनपर्यंत राहिला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या हकीकतीत ८ मेचा एक तपशील बहुधा ओझरता येऊन जातो. त्या दिवशी जमाव निघाला होता तो रूपाभवानीच्या बाजूची शिंदीची झाडे तोडण्यासाठी. झाडे तोडणाऱ्यांना अटक झाली, त्यांना सोडवावे म्हणून लोक गोळा झाले, आणि पुढील सारा अनर्थ त्यातून उद्भवला.

प्रस्तुत लेखाचा विषय तो अनर्थ नसून ते झाड आहे. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात सावलीचा तुकडा मिळणे दुर्मीळ, त्या प्रदेशातील लोकांना आपल्याच शिवारातील झाडावर कुऱ्हाड चालविणे हे देशकार्य का वाटावे? मद्यपाननिषेध हे त्याचे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे. परंतु ते पुरेसे नाही. अनेकांनी मिळून वापरावयाच्या जमिनीवर जे झाड उभे असते त्याची राखण, छाटणी व तोड कोणी ठरवावी, हा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आज सोलापूरच्या विस्तारित भागांतील गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांतून, मोकळ्या भूखंडावरील कडुलिंब राखावा की काढावा, यावर जे वाद होतात ते या प्रश्नाचेच अगदी अलीकडचे रूप होय. अशा झाडावर एकाच वेळी अनेकांचे निरनिराळे हक्क असतात, आणि त्या हक्कांची वाटणी करणे यालाच पूर्वी झाडाची व्यवस्था म्हणत. झाड एकाच धन्याचे आहे असे कायद्याने मानण्यास प्रारंभ झाला तेव्हापासून ती व्यवस्था विस्कटली, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम जुन्या गावाकडे पाहू. देशावरील गावाची जमीन ढोबळ मानाने दोन प्रकारची : वस्तीची पांढरी आणि शेतीची काळी. या दोहोंच्या कडेकडेने गायरान, ओढ्याकाठची पड, देवळाभोवतीची जागा, वाटा व शिवेचे बांध अशी जमीन असे, की जिच्यावर कोणा एका कुणब्याचा नांगर फिरत नसे. सोलापूरच्या बाजूस अशा जमिनीवर मुख्यत्वे बाभूळ, कडुलिंब, बोर, हिवर व ओढ्याच्या ओलीवर शिंदी ही झाडे आढळत. यांतील बाभळीचेच उदाहरण घेऊ. बाभळीचे लाकूड सुताराकडे जाई, कारण नांगर, कुळव व गाडीची चाके यांना तितके टणक व सहज मिळणारे दुसरे लाकूड या मुलखात नाही. तिची साल ढोरांना कातडे कमावण्यास लागे. शेंगा धनगरांच्या शेळ्यामेंढ्या खात. काटेरी फांद्यांनी शेताला व खळ्याला कुंपण पडे. डिंक ज्याच्या हाती लागेल त्याचा. वाळलेले सरपण कोणीही वेचून न्यावे, परंतु हिरव्या खोडाला पाटलाच्या संमतीवाचून कोणी हात लावू नये. अशा रीतीने एकाच झाडाचे पाच-सहा हक्कदार असत आणि त्यांपैकी एकालाही ‘हे झाड माझे’ असे म्हणता येत नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र येथे हेतू नाही. सामाईक याचा अर्थ समान असा नव्हता. चावडीवर उतरणाऱ्या अंमलदारासाठी सरपण आणून टाकण्याचे काम महारांच्या माथी असे व ते वेठीचे काम होते. शिवेची राखण त्यांनी करावी, परंतु झाड तोडावे किंवा न तोडावे या निर्णयात त्यांना स्थान नसावे, अशीच सर्वसाधारण रीत होती. ग्रामसंस्थेला प्रजासत्ताकाची उपमा देणाऱ्या इंग्रज लेखकांच्या दृष्टीतून हा भाग सुटला आणि त्यांच्यामागून लिहिणाऱ्या आपल्याकडील काही विद्वानांच्या दृष्टीतूनही सुटला. येथे एवढेच नोंदवावयाचे, की हक्क विषम होते तरी ते परस्परांस ठाऊक होते. आणि एकाने आपल्या हक्काबाहेर हात घातला तर दुसरा बोंब मारीत असे. राखणदार नेमण्याची फारशी गरज पडत नसे, याचे कारण हेच.

राज्यसत्तेची दृष्टी त्या काळी काय होती, याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कोठून व कसे आणावे याविषयी सांगताना अमात्यांनी स्वराज्यातील रानांतले सागवान परवानगीने तोडावे असे म्हटले आहे. आंबा-फणसादी झाडांना मात्र हात लावू देऊ नये असा निर्बंध घातला आहे. अशी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली असतात, हे कारण त्यांनी दिले आहे. झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, मगच ते तोडावे असा त्यांचा आदेश आहे. या मजकुराचा उल्लेख अलीकडे पर्यावरणदिनाच्या भाषणांतून वारंवार होतो. भाषणांत न येणारी गोष्ट अशी, की अमात्यांनी येथे वृक्षप्रेमाचा नव्हे, हक्काचा विचार मांडला आहे : लावणाऱ्याचा हक्क राजाच्या गरजेहून वरचढ ठरविला आहे.

१८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. पुढे १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणी व जमाबंदी सुरू केली ती लवकरच सोलापूरच्या मुलखात पोचली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, हद्दीचे दगड बसले आणि गायरानासही एक क्रमांक मिळाला. क्रमांक मिळणे ही गोष्ट वरवर निरुपद्रवी दिसते. पण ज्या जमिनीला क्रमांक आहे तिला धनीही पाहिजे, आणि जिला खातेदार नाही तिचा धनी सरकार, हा तर्क त्यातूनच निघाला. खातेदाराच्या शेतातील झाडे जमाबंदीने सामान्यतः त्याला सोडून देण्यात आली; साग, शिसव, चंदन यांसारखी मोलाची झाडे मात्र सरकारने अनेक ठिकाणी राखून ठेवली. गायरान गावाच्या गुरांसाठी नेमून दिले, तरी त्यावरील मालकी सरकारची राहिली.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातील एक तरतूद या दृष्टीने मोठी बोधक आहे. सरकारी हुकुमाने लावलेली रस्त्याकडेची झाडे सरकारच्या मालकीची. परंतु असे झाड मेले, वादळाने पडले किंवा कलेक्टरच्या हुकुमाने तोडले गेले, तर त्याचे लाकूड ज्याच्या जमिनीत ते उभे होते त्याचे. जिवंत झाडाचे उत्पन्न व छाटलेल्या फांद्या यांवरही त्याचाच हक्क. मात्र कलेक्टरच्या परवानगीवाचून छाटणी करावयाची नाही. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी येथे नकळत जुन्या गावाचीच रीत उचलली आहे. उभे झाड एकाचे, फळ व फांदी दुसऱ्याची, आणि कुऱ्हाड तिसऱ्याच्या हुकुमात. ज्याच्या शेतात झाड उभे आहे त्याला ते जगविण्यात काहीतरी प्राप्ती असल्यावाचून ते जगणार नाही, एवढे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी होते.

जंगल व अबकारी या दोन खात्यांनी हे ज्ञान दाखविले नाही. १८७८ च्या जंगल कायद्यात राखीव जंगलाप्रमाणेच ग्रामवनाचेही एक प्रकरण होते आणि १९२७ च्या कायद्यातही ते कायम राहिले. पण राखीव जंगलांचा विस्तार ज्या वेगाने झाला त्याच्या मानाने ग्रामवनाचे प्रकरण बव्हंशी कागदावरच राहिले. सोलापूर जिल्ह्यात जंगल असे थोडेच. म्हणून येथे जंगलखात्यापेक्षा अबकारीखात्याचा हात लोकांना अधिक जाणवला, आणि येथे आपण पुन्हा शिंदीच्या झाडापाशी येतो.

१८७८ हेच वर्ष मुंबईच्या अबकारी कायद्याचे. ताडी वा शिंदी परवान्यावाचून काढणे या कायद्याने गुन्हा झाला आणि छेद घ्यावयाच्या झाडावर कर बसला. झाड कोणाच्याही बांधावर किंवा ओढ्यात उभे असो, त्याच्या रसावर सरकारचा ताबा आला आणि तो रस मक्त्याने विकला जाऊ लागला. एका झाडाचे हक्क निरनिराळे असणे हे गावाला नवीन नव्हते. नवीन होते ते हे, की त्यांतील सर्वांत मोलाचा हक्क गावाबाहेर गेला, त्याचा पैसा तिजोरीत जमा झाला, आणि त्याच्या बदल्यात गावाकडे आला तो गुत्ता. शहराच्या कडेला उभे असलेले शिंदीचे बन हे गिरणीकामगाराच्या दृष्टीने सरकारचे उघड्यावरचे दुकान झाले.

१९३० च्या उन्हाळ्यात गुजरातेत सुरत जिल्ह्यात गांधीजींनी शिंदीची झाडे तोडण्याच्या कार्यक्रमास चालना दिली होती, आणि सोलापूरकरांनी तोच धडा गिरविला. मीठ सोलापुरात नाही, समुद्र दूर. कायदेभंगासाठी हाताशी असलेली सरकारी वस्तू म्हणजे शिंदीचे झाड. या दृष्टीने पाहिले म्हणजे ८ मेची कृती वृक्षद्वेषाची नव्हती हे तर स्पष्टच होते. शिवाय, ज्या झाडातील आपला हक्क नाहीसा झाला त्या झाडाविषयीची आस्था माणसाच्या मनातून किती लवकर नाहीशी होते, हेही दिसून येते. रामचंद्रपंतांच्या आज्ञेतील रयत झाडाला पोटचे पोर मानत होती. दोनशे वर्षांनी शहरातील रयत झाडाला सरकारचा शिपाई मानू लागली होती.

तथापि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. शिंदीचे झाड केवळ रसाचे नव्हते. शिंदीच्या पात्यांपासून मातंग समाजातील कुटुंबे केरसुण्या वळीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जी केरसुणी घरोघर पुजली जाते ती याच पात्यांची. दोर व चटया यांनाही पात उपयोगी पडे. अबकारीखात्याला पात्यांशी कर्तव्य नव्हते, त्यामुळे तो हक्क जुन्या रीतीने चालू राहू शकत होता. झाड बुंध्यातून तोडले म्हणजे सरकारचा रस गेला आणि त्याबरोबर केरसुणीवाल्यांची पातही गेली. राष्ट्रीय चळवळीच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असे नव्हे. पण निर्णय करणारा समुदाय कितीही मोठा व निःस्वार्थी असला तरी त्यात झाडाचे सगळेच हक्कदार हजर असतात असे नाही, ही अडचण १९३० मध्ये होती आणि ती पुढेही सुटलेली नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात कायदेभंगाची चळवळ रानांत शिरली. १० जुलै रोजी लोकनायक अणे यांनी पुसद येथे जंगल-सत्याग्रह केला. बिळाशी, बागलाण, संगमनेर या भागांतून तो पसरला. २५ सप्टेंबरला चिरनेर येथे गोळीबार झाला. या सत्याग्रहांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला असल्याने येथे विस्तार करीत नाही. सोलापूरच्या शिंदीशी त्यांचे नाते एवढेच, की तेथेही गवत कापणाराला गवताची जेवढी गरज होती तेवढीच ते गवत आपले आहे हे सांगण्याची होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप उलटे झाले. पूर्वी सरकार झाड राखी आणि लोक तोडीत. आता सरकार झाड लावू लागले, आणि कोठे लावावे हाच वाद उत्पन्न झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूर जिल्ह्यात पडीक समजल्या गेलेल्या माळांवर कुंपणे घालून गवत व झाडे वाढविण्याची कामे निघाली. शहराच्या उत्तरेस बार्शीच्या वाटेवरील नान्नजचा माळ हा त्यांतील प्रसिद्ध होय. या माळावर माळढोक पक्ष्याचा वास असल्याचे पक्षिनिरीक्षकांनी निदर्शनास आणले, आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात गावे, शेते व रस्ते सारेच आल्याने लोकांची मोठी अडचण झाली आणि पुढे तो १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावा लागला.

माळढोकाला झाड नको असते. आखूड-मध्यम गवताचा मोकळा माळ, जेथून दूरवर नजर जाते, हेच त्याचे घर. तो जमिनीवरच अंडी घालतो. काळवीट व लांडगा हेही याच माळाचे रहिवासी. अशा माळावर ग्लिरिसिडिया ऊर्फ गिरीपुष्पासारखी बाहेरून आणलेली, झपाट्याने वाढणारी झाडे लावण्यात आली, कारण माळ म्हणजे ओसाड आणि ओसाड जागी झाड लावणे हे पुण्य, अशी समजूत सरकारी खात्यांत आणि सुशिक्षितांत सारखीच रुजलेली होती. पुढे ती झाडे काढण्याचे काम वनखात्यालाच हाती घ्यावे लागले. माळढोकाची संख्या मात्र या जिल्ह्यात घटत घटत जवळजवळ नामशेष होण्याच्या थरास गेली. त्याची कारणे अनेक आहेत. माळाची शेतीत रूपांतरे, विजेच्या तारा, शिकार ही त्यांतील काही. परंतु माळ हा स्वतःच एक सामाईक नैसर्गिक ठेवा आहे, तो झाडाची वाट पाहत पडलेला नाही, ही गोष्ट ध्यानात येण्यास फार उशीर लागला. धनगराला ती ठाऊक होती. त्याचे चराईचे शहाणपण मात्र कोणत्याही योजनेच्या मसुद्यात आले नाही. कुंपण घातले गेले ते बहुधा त्यालाच बाहेर ठेवण्यासाठी.

शहराकडे वळल्यावर हीच समजूत पुन्हा भेटते. १ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा झाला. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा जुन्या मुंबई कायद्याच्या जागी आला. आणि १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. या शेवटच्या कायद्याने प्रत्येक नगरात वृक्ष प्राधिकरण नेमले, परवानगीवाचून झाड तोडणे गुन्हा ठरविले, ठराविक मुदतीने वृक्षगणना करावयास सांगितली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसावृक्ष ही संज्ञा मिळाली व असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. कायदा आवश्यक होता व त्याने पुष्कळ झाडे वाचविली, याविषयी शंका नाही. पण त्याची रचना पाहता त्यात दोनच पक्ष आहेत : अर्ज करणारा धनी आणि परवानगी देणारे प्राधिकरण. सावलीत बसणारा, निंबोण्या वेचणारी, शेळी चारणारा यांना त्यात नाव नाही. हरकत घेणारा नागरिक म्हणून त्यांना येता येते. हक्कदार म्हणून येता येत नाही. वनांच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने हा दोष काही अंशी दूर केला, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून तो कसा वापरता येतो हे दाखविले. नगरातील व नगरालगतच्या सामाईक जागांसाठी त्या तोडीचे काही झालेले नाही.

अशा जागा मात्र वाढत आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या मांडणीत ठेवलेले मोकळे भूखंड, ओढ्याकाठच्या पट्ट्या, कामगारांच्या सहकारी वसाहतींतील अंगणे, या साऱ्यांचा विस्तार थोडा नव्हे. कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची जी वसाहत २००६ मध्ये उभी राहिली तिचे नुसते आकारमान लक्षात घेतले तरी, एका वसाहतीतील सामाईक जागेचा प्रश्न जुन्या काळच्या कसब्याच्या गायरानाएवढा मोठा होऊ शकतो हे कळून येईल. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यान्वये संस्थेचे सभासद हे संस्थेच्या मालमत्तेचे भागीदार असतात. झाड त्या मालमत्तेत मोडते. परंतु सभासदाचा भाग झाडात नेमका कोणता? तळमजल्यावरच्याला पानांचा कचरा मिळतो, वरच्या मजल्यावरच्याला सावली. एकाची गच्ची फांदीने झाकली जाते, दुसऱ्याचा पाण्याचा नळ मुळांनी फुटतो. आणि सर्वांकडून वर्गणी मात्र सारखी घेतली जाते. जुन्या गावात हे प्रश्न ज्या रीतींनी सुटत त्या रीती गावाबरोबर गेल्या, आणि सभेच्या इतिवृत्तात त्यांची जागा बहुमताच्या ठरावाने घेतली.

बहुमताने झाडाची छाटणी ठरते, प्राधिकरणाची परवानगी येते, ठेकेदार येतो. १८७९ च्या कायद्याने छाटलेल्या फांद्या कोणाच्या हे स्पष्ट सांगितले होते. आजच्या संस्थेच्या ठरावात बहुधा एवढेच असते, की काम ठेकेदाराने करावे व लाकूड मजुरीपोटी त्यानेच न्यावे. ट्रक निघून गेल्यावर खाली पडलेल्या काड्या वेचावयास कुंपणाबाहेरच्या झोपड्यांतील बाया येतात, आणि पहारेकरी कधी त्यांना आत सोडतो, कधी सोडत नाही.